तीन खाचांचा वॉल्व्ह

आमच्या सांडशीला तीन खाचा आहेत, मधली जरा लांब. लाटण्याला आहेत, छत्रीच्या दांड्याला आहेत, शिडीच्या प्रत्येक पायरीला आहेत. मला तेवढ्या अजून पाडलेल्या नाहीत.

हे सगळं आमच्या ह्यांचं काम. कारखान्यात हत्यारांच्या कोठारावर बत्तीस वर्षं होते. कामगारानं पितळी बिल्ला द्यायचा, पाना न्यायचा. पण लोक चांगला पाना घरी ठेवून झिजलेला परत आणून टाकायचे. मग ह्यांनी एकेका हत्यारावर तिकोनी कानशीनं तीन खाचा पाडल्या. त्यात दोन चोर सापडले. नोकरी संपली तेव्हा लोक घड्याळ घेऊन घरी येतात, हे संशय घेऊन आले.

दूधवाला हसला की ह्यांना वाटायचं, मापात काहीतरी आहे. नाही हसला, तर नक्कीच आहे.

आणि जीव कशावर, तर सासऱ्यांच्या वेळच्या मोटरसायकलवर. काळी, एका सिलिंडरची, आवाज असा की गल्लीच्या टोकाला वळली की मी चहाचं आधण ठेवायची. तिच्यासाठी एक वही होती. प्रत्येक मेकॅनिकपुढे शेरा. ‘चहा विचारतो. का?’ ‘पाना डाव्या हातात.’ ‘इंजिन न उघडता रोग सांगतो. ज्योतिषी.’

बिनशेऱ्याचा माणूस एकच, आमचे जुने मिस्तरी. त्यांनी अकरा वर्षांपूर्वी इंजिन उघडून साफ केलं. त्यानंतर चार महिन्यांत गाडीचा दम गेला. हे मला म्हणाले, “त्यानं माझा असली वॉल्व्ह काढून नकली घातला.”

“उघडून बघा की मग,” मी म्हटलं.

“उघडायला दुसरा मेकॅनिक लागेल. तो आणखी काहीतरी काढून घेईल.”

झालं. गाडी शेडमध्ये, आणि ह्यांचं म्हणणं गावभर. सुट्या भागांच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं होतं, असेल बाई, माणसाचं काय सांगावं.

यंदा आमच्या मुलाला शेड हवी झाली. “महिनाअखेरपर्यंत चालू झाली तर राहू दे बाबा, नाहीतर भंगारात.” तीन मेकॅनिक येऊन गेले. एक म्हणाला पिस्टन, एक म्हणाला कार्ब्युरेटर, तिसरा म्हणाला इंजिनच बदला. तिघांनाही शेरे मिळाले. शेवटी मीच सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन लावून ह्यांच्या कानाला दिला.

“जुन्या गाड्यांचे वॉल्व्ह बघणारा एकच उरलाय,” दुकानदार म्हणाला, “तुमचा मिस्तरी.”

“तो सोडून सांगा.”

“तो सोडून कुणी नाही. आणि त्यालाही ह्या कामातून तुम्हीच उठवलंत.”

ह्यांनी फोन ठेवला. मी चपला घातल्या.

मिस्तरी पाण्याचे पंप दुरुस्त करत बसले होते. टेबलावर सगळे पंपच. “या वहिनी,” म्हणाले. मान वर केली नाही. “दादा बोलले त्या दिवसापासून माझ्याकडे जुनी गाडी आलेली नाही. येतो मी. पण हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, दादांनी स्वतःच्या हातानं उचलायचं. आत माझं पाप निघालं, तर हे पंपही सोडीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. हे स्टूल टाकून समोर बसले, मांडीवर वही. मिस्तरींनी प्लग काढून आत चमचाभर तेल सोडलं आणि किक दाबली. ती तशीच पोकळ. “पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर तेलानं जरा दम धरला असता. पिस्टन नाही.” मग दोन्ही वॉल्व्ह मिटतील असा पिस्टन वर आणला, प्लगच्या भोकात नळी बसवून पायपंपानं हवा भरली. “वहिनी, सायलेन्सरला कान लावा.”

लावला. आतून फुस्स... जुन्या कुकरचं झाकण नीट न बसल्यासारखं.

“धूर बाहेर सोडणारा वॉल्व्ह गळतोय.”

“नकली असल्यावर गळणारच,” हे वहीकडे बघत म्हणाले.

हेड ह्यांनीच उचललं. मिस्तरींनी वॉल्व्ह सोडवून ह्यांच्या हातात दिला, वर तारेचा ब्रश. “घासा.” काजळी निघाली. कडेला तीन खाचा, मधली लांब, वॉल्व्ह जिथं घट्ट मिटतो थेट त्या जागेपर्यंत गेलेली. तिथंच कड जळून उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती.

मिस्तरी वाकले. “वॉल्व्हला कानस? ही कुठल्या गाढवानं लावली?”

ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागून दिसत होत्या. मग म्हणाले, “अशा खाचा कुणीही पाडेल. मुद्दाम पाडेल.”

मी आत गेले, सांडशी आणली आणि वॉल्व्हशेजारी ठेवली.

मिस्तरींनी आधी सांडशी बघितली, मग वॉल्व्ह, मग ह्यांना.

“मी चहाला गेलो होतो तेव्हा?”

“हो,” हे म्हणाले. “तू बदलशील म्हणून खूण केली. पान्याला काही होत नाही, मला वाटलं...”

“पाना आगीत बसत नाही, दादा. तुमच्या खाचेतून आग गळत राहिली, म्हणून कड जळली.” मिस्तरींनी हात पुसले. “माझंही चुकलंच. घासून पुसून ठेवलेला वॉल्व्ह मी पुन्हा न बघता बसवला. तुमच्यासमोर ठेवला होता ना, म्हणून.”

मग अट घातली. नवा वॉल्व्ह ते बसवणार. जुना ह्यांनी खिशात घालायचा, आणि जिथं जिथं बोलले तिथं तिथं जाऊन दाखवायचा.

तीन दिवस काम चाललं. मिस्तरी चहाला उठले की विचारायचे, “कानस देऊन जाऊ का?” हे दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचे.

चौथ्या दिवशी गाडी एका किकेत बोलली. संध्याकाळी हे वॉल्व्ह खिशात घालून, दुखऱ्या गुडघ्यांनी चालत सुट्या भागांच्या दुकानात गेले. तासाभरानं परत आले ते तणतणत.

“अगं, तो मला विचारतो, हा वॉल्व्ह तुमच्याच गाडीतला कशावरून? मिस्तरीनं तुम्हाला पढवून पाठवलं नाही कशावरून? लोक इतके संशयी कसे गं?”

मी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी मिस्तरींनाच मागे बसवून निघाले. एका खिशात वॉल्व्ह, दुसऱ्यात माझी सांडशी, पुरावा म्हणून. दुकान, पेट्रोल पंप, न्हावी. दुपारचा स्वयंपाक मी फडक्यानं भांडी उतरवून केला. हात दोनदा भाजला. चालायचंच.