आउटबॉक्समध्ये चार

आमच्या पिंप्राळ्याच्या दुकानात कॉम्प्युटर उघडला की आधी धूळ निघते, मग किस्सा. धूळ आम्ही ब्लोअरनं उडवतो. किस्से मात्र बारा वर्षांचे साचलेत आणि त्यातले निम्मे अन्वरभाईंचे. दुरुस्ती ते करतात. मी फोन घेते, कीबोर्ड पुसते आणि त्यांचं काम बघत बसते. हेवा वाटतो हो त्या माणसाच्या डोक्याचा!

*

चोपड्याचे एक केळीवाले भाऊ कॉम्प्युटर फॉरमॅट करायला आले. मेलचा बॅकअप मी घरीच घेतलाय, म्हणत त्यांनी पेन ड्राइव्ह टेबलावर आपटला आणि घाई लावली. अन्वरभाईंनी तरी लावून पाहिला. आत डेस्कटॉपवरचा नुसता शॉर्टकट!

"भाऊ, तुम्ही दुकानाची पाटी काढून आणली. दुकान अजून तिकडंच आहे."

मग लपलेल्या फोल्डरांत शिरून त्यांनी खरं दुकान शोधून दिलं. दुसरा कोणी असता तर फॉरमॅट मारून मोकळा झाला असता.

*

एका अक्कांनी मेलसाठी तीन फोल्डर केले होते: 'बठ्ठं' म्हणजे सगळं, 'बठ्ठं नवीन' आणि 'बठ्ठं खरं'. मी म्हटलं, खरं तेवढं घ्या. अन्वरभाईंनी तिन्ही घेतले, वर कचऱ्याचा फोल्डरही घेतला. मी हसले. अक्कांना हवे होते नातीच्या बारशाचे फोटो. ते कचऱ्यातच निघाले. तेव्हापासून मी हसत नाही.

*

अन्वरभाईंचा एक नियम आहे. फोल्डरचं नाव वाचायचं, आत किती मेल ते मोजायचं, पण मेल उघडायचा नाही. बॅकअपच्या आधीचे आणि नंतरचे आकडे पुठ्ठ्यावर लिहून जुळवतात. एकदा मी डोकावले, तर म्हणाले, "ताई, पोस्टमन पाकिटं मोजतो." लाजच वाटली मला.

*

या नियमानंच पारोळ्याच्या आबांचं काम झालं. आबा रिटायर्ड मास्तर. डिस्क कटकट वाजायला लागली म्हणून सीपीयू गोधडीत गुंडाळून एसटीनं घेऊन आले. मेल वाचवा म्हणाले, पण तोंड उतरलेलं.

विचारलं तेव्हा कळलं. दोन वर्षांपूर्वी आबांच्या मुलीच्या लग्नात धुळ्याच्या धाकट्या भावाला टॉवेल-टोपी द्यायची राहिली. भाऊ न जेवता उठून गेला. फोन कोणी आधी करायचा यावर दोघंही अडून बसले. शेवटी आबांनी दिवाळीला माफीचा मेल लिहिला. उत्तर नाही. आणखी तीन लिहिले, तरी नाही. बाकी कोणाचे मेल येणंही बंद झालं.

"बठ्ठाच रुसेल शेतस माझ्यावर," आबा म्हणाले. सगळेच रुसलेत असं धरून ते चष्मा पुसू लागले.

अन्वरभाई पुठ्ठ्यावर आकडे लिहीत होते. एकदम थांबले. "आबा, आउटबॉक्समध्ये चार आहेत. तुमचे मेल घराबाहेर पडलेच नाहीत."

कधीतरी ऑफलाइनवर टिक लागलेली, म्हणून मेल जातही नव्हते आणि येतही नव्हते! अन्वरभाईंनी आधी सगळ्याचा बॅकअप घेतला, आकडे जुळवले, मग विचारलं, चारही पाठवू?

"पहिला जाऊ द्या. बाकीचे तीन पुसा. ते माफी मागूनही उत्तर न देणाऱ्या भावाला लिहिलेत. तसा भाऊ मला नाहीच."

*

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करते तर दारात एक गृहस्थ उभे. नाक हुबेहूब आबांचं. धुळ्याहून पहिल्या एसटीनं आलेले आणि काखेत चादरीत गुंडाळलेला सीपीयू.

"आबाचा मेल काल मोबाइलवर मिळाला, फोन केला तेव्हा आउटबॉक्सचं आणि तुमच्या दुकानाचं कळलं," ते अन्वरभाईंना म्हणाले. "पण न जेवता उठलो म्हणून मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माफी मागितली होती. जरा माझा आउटबॉक्स बघता का?"