फुगलेल्या लॅपटॉपवर वरवंटा

मैत्रिणींनो, आज दुपारी अकोल्याहून लॅपटॉपची नवी बॅटरी आली. बॅटरी अठराशे, कुरिअर ऐंशी. पण माझ्या वैष्णवीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत सकाळीच होऊन गेली.

होऊन गेली म्हणजे काय, तिने नाव सांगितलं आणि लाइट गेली. चार्जरशिवाय लॅपटॉप चालतच नव्हता, तो तिथेच बंद. मोबाईलवरून जोडेपर्यंत त्यांनी पुढच्या मुलीला घेतलं होतं. नंतर तिने किती फोन केले, कोणी उचलला नाही.

महिन्याभरापासून लॅपटॉपचं झाकण नीट बसत नव्हतं, टचपॅडही वर उचलला गेला होता. पोरगी म्हणायची, "आई, बॅटरी फुगून राहिली, बदलाले लागते." मला वाटलं, चालू आहे तोवर कशाला खर्च? पापड वाकडे होऊ नयेत म्हणून आपण दाबून ठेवतो ना, तसा मी त्यावर फडक्यात गुंडाळून वरवंटा ठेवत होते. मुलाखत ठरली तेव्हा कुठे नवी बॅटरी मागवली.

बॅटरी बसवायला आलेल्या दुरुस्तीवाल्याने हे ऐकून कपाळाला हात लावला. "काकू, बॅटरी हाये का पापड? पेट घेतला असता तं?"

मी कसनुशी हसले. वैष्णवी हसली नाही. सकाळपासून ती जेवलीही नाही.

देवापुढे बसले, पण काय मागावं तेच सुचेना. मुलाखत अशी मधेच तुटल्यावर कोणाच्या मुलीला पुन्हा बोलावणं आलं आहे का? आलं असेल तर आजच लिहा. नसेल आलं तरी लिहा, म्हणजे मी तिला उगीच आशा लावणार नाही.