आधी तिचं सांग

नंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी काल्हेरच्या गोदामात, ट्रकला टेकून, चौघांना एक जुनाच किस्सा रंगवून सांगत होतो. भाच्याचं नाव दिसलं, तरी आधी किस्सा संपवला. लोक हसले. मग फोन घेतला... "मामा, आई शाळेतच पडली. गेली." त्याला सात आठवडे झाले. मला भीती वाटते ती आदल्या दिवशीच्या फोनची.

ताई माझी थोरली बहीण. निजामपुऱ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायची. वर्गाला लागूनच लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड. त्या खडखडाटात वाढलेली मुलं ओरडून बोलायची, ऐकायचं मात्र कुणीच नाही. ताई उलट आवाज खाली आणायची. मुलांना डोळे मिटायला लावून उतारा वाचायची, एकदाच. आणि तिचा नियम असा, की स्वतःचं बोलण्याआधी, आधीचा काय बोलला ते सांगायचं. तो "हो, हेच" म्हणाला की मगच आपली पाळी. हा नियम तिनं आमच्या घरातही आणला. जेवताना मी सुरू झालो की म्हणायची, "दादू, आधी सुमनचं सांग." मी म्हणायचो, "बायकोचं मला पाठ हाय, वीस वर्षं तेच चाललंय." सगळे हसायचे. ताईही हसायची, पण पाळी द्यायची नाही.

ती जाण्याच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. मागे लूम चालू होते. "दादू, ऐक ना, सकाळपासून जरा..." एवढं ती म्हणाली, आणि मी अंजूरच्या रिक्षावाल्याशी झालेलं भांडण सांगत सुटलो, दोघांचे आवाज काढून. मध्येच लाइट गेली असावी, लूम एकदम थांबले. त्या शांततेत ताई काहीतरी बोलली. चांगलं पूर्ण वाक्य. मी "हां, हां" केलं आणि रिक्षावाल्याकडे परतलो. डॉक्टर नंतर म्हणाले, छातीत आदल्या दिवशीपासून दुखत असणार... खडखडाटामुळे ऐकू आलं नाही, असंही मला म्हणता येत नाही.

शाळेतल्या शोकसभेत बोलका म्हणून मलाच उभं केलं. तीन किस्से तयार होते. ताईच्या वर्गातली आयेशा पहिल्या बाकावरून उठली. "सर, बाईंचा रूल हाय ना. पहिले बाई तुमच्याशी लास्टला काय बोलल्या ते सांगा. मग तुमचं." आणि अख्ख्या वर्गानं सवयीनं डोळे मिटले.

"मी... ऐकलं न्हाय," मी म्हणालो.

"मग बसा, सर," ती अगदी मायेनं म्हणाली. "ऐकलं नसलं की बाई पण बसवायच्या."

बसलो.

आता घरात कुणी "ऐक ना" म्हटलं की मी हातातलं सोडून वळतो. परवा जेवताना सुमन म्हणाली, "अहो, सकाळपासून जरा..." आणि थांबली. माझ्या हातातला घास ताटात पडला.

"सकाळपासून काय? बोल!"

"एवढं घाबरायला काय झालं? मिठाचा डबा सापडत न्हाय."

"सकाळपासून मिठाचा डबा सापडत न्हाय," मी तिचं तिला सांगितलं.

"हो, हेच."

माझी पाळी आली होती. सुमन वाट बघत राहिली... मी उठलो आणि डबा शोधायला लागलो.