पाठीवरचा बाप

सिडनीच्या कडेच्या स्कोफिल्ड्सहून पहाटे पाचला निघालो. साथीच्या दुसऱ्या वर्षाचा नोव्हेंबर होता, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियामधली सीमा नुकतीच उघडली होती. मेलबर्नजवळ क्लेटनच्या युनीत (विद्यापीठात) शिकणाऱ्या माझ्या लेकीला, मुक्ताला, सुट्टीसाठी घरी आणायचं होतं. आणि तिला एक गोष्ट खरी सांगायची होती.

माझे वडील, अण्णा, सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. साथ सुरू झाली तेव्हा मुदतवाढीचा अर्ज मी ऑनलाइन अर्धा भरला आणि सोडून दिला. त्यांचा मधुमेह, अपुरा विमा. पुण्यात निदान ओळखीचे डॉक्टर आहेत, असं स्वतःला समजावून मी त्यांना मिळेल त्या विमानात बसवलं. दुसऱ्या लाटेत ते गेले. अंत्यविधी मी फोनवर पाहिला. मुक्ताला सांगितलं होतं की आजोबांनाच जायची घाई झाली होती.

नऊशे किलोमीटरचा रस्ता मला पाठ आहे. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. एरवी या दिवसांत पिवळ्या पडणाऱ्या गंडगायच्या टेकड्या हिरव्यागार होत्या. तिथे थांबून थालीपीठ खाल्लं. ऑलबरीला, सीमेवरच्या मरी नदीच्या पुलावर पोलिसांचे तंबू अजून उभे होते, पण अडवणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुक्ता मला मेलबर्नमधल्या एका संग्रहालयात घेऊन गेली. दारात माझं लशीचं सर्टिफिकेट सापडेना. ते जुन्या फोनवर राहिलं होतं.

"बाबा, honestly," म्हणत तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन मिनिटांत पुन्हा डाउनलोड करून दिलं.

आत एकाच वीराची निरनिराळ्या काळांतली रूपं मांडली होती: ट्रॉय नगर जळत असताना म्हाताऱ्या बापाला उचलून बाहेर पडलेला ईनिअस. मातीच्या ग्रीक घड्यावर तो काळ्या आकृतीत होता, पाठीवर बाप. तिथे उभी असलेली मास्कमधली वयस्कर स्वयंसेविका इंग्रजीत म्हणाली, "इथे म्हातारा किती हलका आहे बघा. पुढे पुढे जड होत जातो."

खरंच होतं. सुमारे दोन हजार वर्षांनंतरच्या रंगवलेल्या इटालियन थाळीवर वीर वाकला होता. त्याहून अलीकडच्या छापचित्रात त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि बापाचा सुरकुतलेला हात त्याच्या कपाळावर आला होता.

"आणि बायको?" मुक्ताने विचारलं.

"मागे राहिली. गर्दीत हरवली," स्वयंसेविका म्हणाली.

"Typical. तरी हीरो तोच."

मी त्या छापचित्रापुढेच बोललो. अर्ज, विमान, सगळं. "आजोबांना राहायचं होतं, मुक्ता. मी पाठवलं."

ती चित्राकडे वळली. मग म्हणाली, "मी त्यांच्यावर रागावले होते. मला न भेटता गेले म्हणून. मी त्यांच्याशी फोनवर नीट बोलायचे पण नाही."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या खोट्याची किंमत अण्णांनीही मोजली होती. स्वयंसेविका कधी दुसऱ्या दालनात निघून गेली, मला कळलंही नाही.

परतीच्या वाटेवर मुक्ता हेडफोन लावून बसली होती. मी माफी मागितली नाही. मागून मोकळं होण्यासारखी ती गोष्ट नव्हती. ऑलबरी गेलं, टेकड्या लागल्या. गंडगायच्या पुढे तिने हेडफोन काढले.

"एअरपोर्टवर काय म्हणाले आजोबा?"

"म्हणाले, तू म्हणतोस तर जातो. रडले नाहीत. नाकाला रुमाल बांधला आणि बॅग ओढत आत गेले."

अडीच हजार वर्षांत किती जणांनी तो बाप रंगवला असेल. मला दिसतो तो स्वतःच्या पायांनी चालत जाणारा.

"अजून सांग," मुक्ता म्हणाली. "सगळं सांग. ते इथे दिवसभर काय करायचे?"

गोलबर्न येईपर्यंत, जवळजवळ दोन तास, मी बोलत होतो. तिने एकदाही फोन हातात घेतला नाही.