घराची बांधी

त्या दिवशी पडवीत कोण कोण होतं ते आधी सांगते. माही सासू, ननंद सुमन, माहा सात वर्षाचा पोरगा दिलीप, आणि सासूचे भाऊ, म्हणजे माहे मामसासरे. माहा नवरा वारून तवा साल झालं होतं. मी दाराआड, डोक्यावर पदर. साऱ्या केशोरी गावात मामाजीच्या बोटाखालून न गेलेलं एकच डोकं होतं, ते माहं. सुनेच्या डोक्याले मामसासऱ्यानं हात लावायचा नसते. बाकी सरपंचापासून बैलापर्यंत सर्वायची डोकी त्याईनं चाचपली होती.

मामाजी आधी गोंदियाले रेल्वेत हमाल होते. तिथल्या रद्दीवाल्याकडून त्याईनं एक जुनं हिंदी पुस्तक आणलं. त्यात एका टकल्या साहेबाच्या डोक्याचं चित्र होतं, आणि त्या डोक्यावर शेतात धानाच्या बांध्या, म्हंजे वाफे, पाडल्यासारख्या रेघा. हरेक बांधीत एक गुण. इथं माया, तिथं लोभ, कानाच्या वर चोरी. जिथं उंचवटा तिथं तो गुण जास्त, सपाट असलं त नाहीच. "माणूस खोटं बोलते, कवटी नाही बोलत," म्हणत. कोणी पाया पडाले वाकला का आधी चाचपणी, मंग आशीर्वाद. गावात कोणाचं दहावं असलं का मामाजी सर्वायच्या आधी तळ्यावर हजर, मेलेला ओळखीचा नसला तरी. एवढी ताजी टकली एका जागी दुसरीकडं कुठं भेटतीन? एकदा मयताच्या भावानं रडता रडता विचारलं, "मामा, कायले दाबून राहिले गा?" त म्हणे, "तू रड बाप्पा, रड. मी पाहून राहिलो तुले दुःख किती आहे."

सुमनची कोंबडी हरवली तवा त्याईनं अर्ध्या गावाची डोकी पाहून भजनातल्या पेटीवाल्याले चोर ठरवलं. त्या बिचाऱ्यानं आठ दिवस टोपी काढली नाही. आणि कोंबडी आमच्याच घरात, धानाच्या ढोलीमागं अंड्यावर बसली भेटली. सासूनं झाडलं, "तुह्या पुस्तकाले चुलीत घाल." मामाजी शांत. "उंचवटा त आहे ना बाई. चोरी कराची राह्यली असंन."

माहं डोकं ते पदरावरूनच वाचत. मले ऐकू येईन असं सुमनले म्हणत, "वहिनीले सांग, तिची सोसायची बांधी पदर फाडून बाहेर येऊन राहिली." मी आत तोंडावर हात ठेवून हसत होती. त्या दिवसात हसाले दुसरं काही नव्हतं.

त त्या दिवशी पडवीत त्याईनं दिलीपले मांडीवर घेतलं. मागून डोकं चाचपलं अन् बोटं थांबली. "बाई, याची घराची बांधी सपाट आहे. हा पोट्टा घरी टिकणार नाही."

ते डोकं मीच सपाट केलं होतं. लेकराले मोहरीच्या उशीवर निजवा लागते, तेलाच्या हातानं डोकं गोल करा लागते. पण नवरा बिमार, म्हणून मी महिन्याची बाळंतीण दुसऱ्याच्या शेतात धान लावाले, रोवणीले गेली. दिलीप दिवसभर शेताच्या धुऱ्यावर, पोत्यावर उताणा. त्याची कूस बदलाले चिखलातून वर आली त शेतवाली बोंबले. मंग मी येत नव्हती.

मामाजी म्हणाले त्या दिवसापासून मी रोज त्याच्या डोक्याले तेल चोळलं. सात वर्षाचं डोकं आता काय गोल होते? पोरगा मोठा झाला. एक दिवस म्हणाला, "माय, सुरतेले कामाले जाऊन राहिलो." दारात उभा राहून बॅगेची चेन लावत होता, उघडत होता, परत लावत होता. मी डबा भरून देला. राह्य म्हटलं नाही. ज्याच्या डोक्यात घरच नाही त्याले राह्य कसं म्हणाव? दोन वर्षं फोन आला. मंग नंबर बंद झाला.

त्याच्यानंतर गावात नवा मास्तर आला. मामाजीनं त्याचं डोकं पाहाले पुस्तक नेलं. मास्तरनं सांगितलं का ही विद्या कवाच मोडीत निघाली. परदेशातल्या एका डॉक्टरनं काढली होती, गोरे साहेब तिच्या नावावर इथल्या लोकायच्या कवट्या मोजत अन् त्याईले हलके ठरवत. मंग दुसऱ्या डॉक्टरायनं मेंदू तपासून पाहिले, त उंचवट्याचा अन् गुणाचा काही संबंधच नाही.

मामाजी घरी आले ते सरळ सैपाकघराच्या दारात. एवढ्या वर्षात पहिल्यांदा माह्याशी बोलले. "सूनबाई, ते सारं खोटं होतं. दिलीपच्या डोक्यात काही कमी नव्हतं."

मी म्हटलं, "मंग तो काऊन गेला?"

"मले काय माहीत? तू राह्य म्हटलं होतं का?"

त्याईनं पदरावरून माह्या डोक्यावर हात ठेवला. बोटं हलली नाहीत. त्याच्यानंतर त्याईनं कोणाचंच डोकं चाचपलं नाही. लोक पाया पडत अन् वाट पाहत वाकूनच राहत. दोन साल झाले, मामाजी गेले. त्याईच्या दहाव्याले सारं गाव टकलं करून तळ्यावर बसलं होतं, अन् पाहाले कोणी नाही.

मी चौथी शिकली, अक्षर असंच आहे. वाचणाऱ्यांनो, सुरतेकडं केशोरीचा दिलीप भेटला त एवढं सांगा: तुह्या मायनं घरी राह्य म्हटलं आहे.