नवस फिटला, गोळ्या सुटल्या

माझा स्वभाव पहिल्यापासून ताडफाड. दुष्काळात आम्ही सासू-सुना पाथर्डीच्या बाजूला खडी फोडायला जायचो. तिथल्या धुळीनं आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा, जुना दमा असा उसळला, की बसल्या जागी त्यांचे खांदे वर-खाली व्हायचे. मी कुणाला न विचारता त्यांना एसटीत घातलं आणि डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर म्हणाले, श्वासाच्या नळीला आतून सूज आलीय, गांधीलमाशी चावल्यावर हात सुजतो तशी. या बारक्या पांढऱ्या गोळ्या सूज उतरवतील. पण बरं वाटलं म्हणून एकदम सोडायच्या नाहीत, मी सांगेन तशा हळूहळू कमी करायच्या. नाहीतर सूज पुन्हा चढेल आणि जिवावर बेतेल.

गुण आला. आत्याबाई आडव्या होऊन झोपायला लागल्या. गोळ्यांनी चेहरा गोल झाला, तर आळीतल्या बाया म्हणायला लागल्या, म्हातारीनं अंग धरलं. भर दुष्काळात अंग धरणारी आमचीच तेवढी!

मग दमा बसावा म्हणून देवीला बोललेला नवस त्यांनी फेडला आणि त्याच दिवशी गोळ्या सोडल्या. आमच्याकडं रीतच तशी. नवस फेडला की दुखणं देवीच्या ओटीत गेलं. त्यावर औषध खाल्लं तर देवीवर भरवसा नाही असं होतं. दोन दिवसांत छाती परत वाजायला लागली. मी समजावलं, चिडले, भांडले, पण त्या गोळीला हात लावीनात. मला ती बाई हवी होती, भांडायला का होईना.

शेवटी गोळ्यांची पुडी उचलली, देवीच्या ठाण्यावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि परत आणून त्यांच्या हातावर दिली.

"आत्याबाई, आता ह्यो परसाद हाय. न्हाई म्हनता यायचं न्हाई."

त्यांनी गोळी गिळली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना परत डॉक्टरकडं नेलं, आणि पुढं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणंच गोळ्या कमी केल्या.

आत्याबाई हिंडाय-फिरायला लागल्यावर एकदा टँकरची वाट बघत मी बायांना माझी हुशारी रंगवून सांगत होते, सासूला कसं बनवलं म्हणून. आत्याबाई शेजारीच हंड्यावर बसल्या होत्या.

"मला काय कळत नव्हतं व्हय गं?" त्या म्हणाल्या. "तू पुडी घिऊन तापल्या मातीतनं ठाण्याकडं अनवानी पळत गेलीस, ते दारातनं बघितलं. म्हून गिळली."