अव्वाकडून आलेलं दुखणं

उमरग्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा अव्वाने, म्हणजे आईने, मला बाजूला घेतलं. "तिकडं पाणी कमी आसलं तरी आळस करू नको. तुरटीच्या पाण्यानं धूत जा." वर्तमानपत्रातल्या नव्या नोकरीबद्दल ती काही बोलली नाही. तिला काळजी होती ती माझ्या अंगावरून पांढरं जाण्याची आणि खाजेची. शाळेपासून तो त्रास येऊन-जाऊन होता.

पुण्यात मी तुरटी वापरली, मग साबण, मग मेडिकलमधला सुगंधी वॉश. जितकं धुवावं तितकं वाढायचं. शिफ्ट संपेपर्यंत खुर्चीत बसवेना. सहकाऱ्यांना मी मूळव्याध सांगितली. ती सांगायला सोपी.

शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. साखर नॉर्मल होती. पुन्हा पुन्हा होणारा बुरशीचा संसर्ग, असं निदान झालं. "आधी साबण बंद करा," त्या म्हणाल्या, आणि विचारलं, "आईला, बहिणीला असा त्रास आहे?" काही स्त्रियांच्या शरीराची या बुरशीशी लढण्याची ताकद जन्मतःच कमी असू शकते आणि ते घराण्यात चालत येऊ शकतं. खात्रीनं सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या.

मी अस्वच्छ नव्हते. ओपीडीच्या बाहेर बाकड्यावर मी बराच वेळ बसून राहिले.

त्याच सुमारास धाकटी बहीण शोभा बेंबळीच्या सासरहून माहेरी आली; खरं तर पाठवली गेली. तिलाही तोच त्रास. सासू म्हणे, "पोरगी घाण हाय, नीट धूत न्हाय." शोभा तर जंतुनाशक टाकून, कातडी सोलेपर्यंत धुवायची. नवऱ्याचा निरोप होता, बरी झाली की ये.

मी अव्वाला फोन केला. तुला होतं का, असं सरळ विचारलं. ती म्हणाली, "व्हय. माझ्या आईला बी व्हतं. बाईच्या जातीला आसतंयच म्हणून म्या गप बसले."

या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. एकाच घरातल्या बायकांना एकच आजार, आणि माझं दुखणं बघूनही अव्वाने स्वतःचं सांगितलं नाही. गाव सोडलेल्या आणि तिथंच राहिलेल्या, सगळ्याच बायकांनी आपल्या आईला हे विचारून बघावं.

माझ्या सांगण्यावरून अव्वाने विहीणबाईंना कळवलं, हे घाणीचं नाही, रक्तातून आलंय. उत्तर लगेच आलं. "म्हंजे तुमच्या खानदानातच खोट हाय. लग्नाआधी सांगायचं व्हतं." पुण्यात मला मोकळं करणारं वाक्य बेंबळीत पोहोचेपर्यंत आरोप झालं होतं. 'असू शकतं' हे शब्द वाटेतच गळाले.

शोभाचं औषध उमरग्यातच चालू आहे. आठवड्याला एक गोळी, काही महिने. तिला आराम आहे. सासरहून बोलावणं नाही. परवा फोनवर मी शोभाला चिडून म्हटलं, आता जाऊच नकोस.

"अक्का, तुला पुण्यात बसून बोलायला काय जातंय? मला जायचं हाय. पर घाण म्हणून न्हाय. बिमार म्हणून जाईन, आन् गोळी सासूच्या म्होरं खाईन."

मागून अव्वा ओरडली, "कुणी विचारलं तर माझं नाव सांग! माझ्याकडनं आलंय म्हण!"

वडील तिथंच जेवत होते. त्यांच्या ताटाचा आवाज मला ऐकू आला. आता घर म्हटलं की मला ती खोली आठवते, जिथं हे पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं. मी तिथं नव्हते, फोनवर होते.